सबोनिस की हॅलिबर्टन? तुम्ही विचारलंत म्हणून

‘सबोनिस ओव्हररेटेड आहे की नाही, एकदाच काय ते सांगून टाका.’

सबोनिस म्हणजे आमच्या सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल टीमनं घेतलेला खेळाडू, आणि ओव्हररेटेड म्हणजे लायकीपेक्षा जास्त भाव मिळालेला. हा प्रश्न मला गणपतीच्या आरतीनंतर विचारला गेलाय, पॉटलकच्या रांगेत हातात ताट असताना विचारला गेलाय आणि एका बारशात तर बाळाचं नाव जाहीर व्हायच्या आधी. विचारणारे बहुतेक सगळे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट, सनीवेल, सॅन होजेकडचे. म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचे चाहते, वॉरियर्सवाले. २०१५ ते २०२२ या काळात चार विजेतेपदं घरबसल्या पाहिलेली माणसं. आम्ही इकडे फॉल्समला, सॅक्रामेंटोच्या कुशीत. आमच्या किंग्जनी २००६नंतर थेट २०२३ला प्लेऑफचं, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांचं, तोंड पाहिलं. मधे सलग सोळा सीझन कोरडे. एनबीएत इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच टीमच्या वाट्याला आलेला नाही. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, कारण तुम्हीच मला ते ऐकवत असता.

प्रश्न निरागस नसतो. त्याच्या पाठोपाठ माझ्याच दोन मेसेजचे स्क्रीनशॉट येतात. पहिला ८ फेब्रुवारी २०२२चा. त्या दिवशी किंग्जनी टायरीस हॅलिबर्टन इंडियाना पेसर्स या टीमला दिला आणि डोमांटस सबोनिस घेतला. मी लिहिलं होतं, ‘एकवीस वर्षांचं सोन्यासारखं पोर दिलं आणि फुगवलेले आकडे विकत आणले.’ दुसरा २९ मार्च २०२३चा, पोर्टलंडला हरवून प्लेऑफ पक्कं झालं त्या रात्रीचा: ‘सबोनिसला नावं ठेवणारे कुठे लपलेत?’ मग विचारायचं, साहेब, यातले खरे तुम्ही कोणते?

दोन्ही. आणि मी कुठलाही मेसेज मागे घेणार नाही.

पहिल्या मेसेजच्या वेळी मला जे माहीत होतं त्यावर तो बरोबर होता. हॅलिबर्टन २०२०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, बाराव्या नंबरवर आमच्या पदरात पडला होता. बाराव्या नंबरवर असा खेळाडू उरतो कसा, हे आम्हाला कळलं नव्हतं. आमच्या नशिबात असं काही नसतं. पास देणारा, चेंडू न हरवणारा, आणि मुख्य म्हणजे या गावात राहायला खूश असलेला. अशा माणसाला विकल्यावर मी काय लिहायला हवं होतं? ‘व्यवस्थापनानं विचार केला असेल’? या व्यवस्थापनानं? डिसेंबर २०१४मध्ये ज्यांनी कोच मायकल मलोनला सीझनच्या मधेच काढलं, त्याच मलोननं २०२३ला डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. डीमार्कस कझिन्सला आमच्याकडे साडेसहा सीझनमध्ये सहा कोच मिळाले. तो हट्टी होता, चिडका होता, मान्य. पण दरवर्षी बॉस बदलणाऱ्या ऑफिसात तुम्ही किती दिवस गोड वागाल?

आणि २०१८. ते तर मला कोणी आठवून द्यायची गरजच नाही. ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर आमचा, समोर लुका डॉन्सिच, आणि आम्ही मार्विन बॅग्ली घेतला. डॉन्सिच तिसऱ्या नंबरवर गेला, त्याच रात्री डॅलसला पोहोचला, बाकी इतिहास. बॅग्लीला त्यानंतर ‘ओव्हररेटेड’ म्हणणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे इथे जरा थांबतो. बॅग्ली खेळाडू म्हणून ठीक होता. दुखापतींनी छळलेला, पण ठीक. त्याला दुसऱ्या नंबरचा म्हणणारे आम्ही, त्याच्यावर चार वर्षांची आशा लादणारे आम्ही, आणि शिवी मात्र त्याला. कुठल्याही ‘ओव्हररेटेड’ खेळाडूनं स्वतःचं रेटिंग स्वतः केलेलं नसतं. हरणाऱ्या टीमच्या फॅनला हा शब्द इतका प्रिय असण्याचं कारण तेच आहे. हिशेब कोणी चुकवला हे विचारावं लागत नाही.

हे सगळं मी मांडत असतो तेव्हा समोरचा हसतो आणि म्हणतो, ‘बरं, पण लूनीचं काय?’

तर ३० एप्रिल २०२३. रविवार, दुपारी साडेबारा. पहिल्या फेरीचा सातवा सामना, वॉरियर्सविरुद्ध, आमच्या घरच्या मैदानावर. तिकिटांचे भाव बघून आम्ही घरीच पावभाजी ठेवली होती. वॉरियर्सवाल्यांनाही बोलावलं होतं, हा माझा मोठेपणा नव्हे, गुर्मी होती. दोनच दिवस आधी आम्ही त्यांना सॅन फ्रान्सिस्कोत जाऊन १९ गुणांनी हरवलं होतं. सिरीजमध्ये तोवर सगळं घडून गेलं होतं: त्यांच्या ड्रेमंड ग्रीननं सबोनिसच्या छातीवर पाय दिला, एका सामन्याची बंदी भोगली, चौथ्या सामन्यात आमच्या बार्न्सचा शेवटचा शॉट रिंगवरून परतला आणि एका गुणानं हरलो, आमच्या फॉक्सचं बोट मोडलं. तरी तीन-तीन. माझ्या मुलीच्या हातात गुरांच्या गळ्यातली घंटा होती. लेकर्सचा कोच असलेल्या फिल जॅक्सननं कधी काळी सॅक्रामेंटोला गावंढळ ठरवलं, तेव्हापासून इथले लोक मुद्दाम ती मैदानात वाजवतात. तिला हा इतिहास माहीत नव्हता, आवाज होतो एवढं पुरेसं होतं.

हाफटाइमला आम्ही ५८-५६ पुढे. मी पावाचा दुसरा घाणा स्वतः भाजला. बटरचा हात सढळ होता.

मग तिसरा क्वार्टर. सगळे म्हणतात वॉरियर्सच्या स्टेफन करीनं हरवलं, आणि करीनं पन्नास गुण केलेही. सातव्या सामन्यात त्याआधी कोणालाच पन्नास जमले नव्हते. त्याच्यापुढे हरण्यात लाज नाही. तो माणूस त्या दिवशी जे करत होता त्याला उत्तर कोणाकडेच नव्हतं. पण करीनं शॉट मारले अडतीस आणि पडले वीस. उरलेले अठरा कोणाच्या हातात गेले? त्यांच्याच केव्हॉन लूनीच्या, निदान तेव्हा आम्हाला तरी असंच वाटलं. शॉट चुकला, आम्ही टाळी वाजवायला हात उचलला, आणि गर्दीतून निळ्या जर्सीचा एक हात वर आला. पुन्हा चेंडू त्यांच्याकडे. पुन्हा करी. असं एकदा झालं तर नशीब. एका क्वार्टरभर होत राहिलं की खोलीतला आवाज बदलतो. माझी मुलगी मात्र बराच वेळ घंटा वाजवत होती, कारण चेंडू चुकला की वाजवायची असं मीच शिकवलं होतं, पुढे काय झालं हे बघायचं शिकवलं नव्हतं. शेवटी बायकोनं तिच्या हातातून घंटा काढून घेतली.

फ्रीमाँटचा मित्र तोवर सभ्यपणे गप्प होता. लूनीचा आणखी एक रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) झाल्यावर तो म्हणाला, ‘काय रे, लीगमधला एक नंबरचा रिबाउंडर तुमच्याकडेच आहे ना? आज रजेवर आहे का?’

कारण त्या सीझनमध्ये सामन्यामागे १२.३ रिबाउंड घेऊन सबोनिस लीगमध्ये पहिला आला होता, आणि हे मीच त्याला महिनाभर ऐकवत होतो. त्या दुपारी सबोनिसचे रिबाउंड आठ, लूनीचे एकवीस, त्यातले दहा आमच्या बास्केटखालचे. लूनीचा पगार सबोनिसच्या निम्म्याहूनही कमी. १२०-१०० हरलो. मंडळी ‘ट्रॅफिकच्या आधी निघतो’ म्हणून निघाली. रविवारी दुपारी आय-८०ला कसला आलाय ट्रॅफिक.

त्या दिवशी मी अंगठ्याचं कारण सांगितलं. ते खरंही आहे. सबोनिसच्या उजव्या हाताचा अंगठा डिसेंबरात मोडला होता आणि ऑपरेशन टाळून तो तसाच खेळला. छातीवरचा पाय तर सगळ्या जगानं पाहिला. पण खाजगीत मला जे खटकत होतं ते रिबाउंड नव्हतेच. सबोनिस फ्रीथ्रोच्या रेषेजवळ चेंडू घ्यायचा आणि लूनी त्याच्यापासून लांब, मागे सरकून उभा राहायचा. मार, म्हणायचा. आणि सबोनिस आधी रिंगकडे बघायचा, मग द्यायला कोणी सापडतंय का ते बघायचा. ती मधली सेकंदभराची नजर मी पूर्ण सिरीज पाहिली. आमची अख्खी आक्रमणाची यंत्रणा याच माणसाच्या हातातून फिरत होती. तो मधे उभा, आमचे हर्टर आणि मंक त्याच्याभोवती धावत, हातातून हातात चेंडू. शंभर पझेशनला (चेंडू ताब्यात येण्याच्या शंभर खेपांना) ११८.६ गुण, तोवरच्या एनबीएच्या इतिहासात सर्वांत जास्त. आणि ती यंत्रणा बंद पाडायला फक्त त्याच्यापासून चार पावलं मागे सरकायचं होतं. हे मी २०२३मध्ये बोललो नाही. तुमच्यासमोर तर नाहीच नाही.

म्हणजे ओव्हररेटेड? थांबा. ४८ विजय, लीगच्या वेस्ट विभागात तिसरा नंबर, जिंकलो की स्टेडियमच्या छतावरून आकाशात जाणारा जांभळा झोत. ऑफिसातून निघताना तो दिसला की स्कोअर बघावा लागत नसे. सोळा वर्षं ज्यांनी काहीच पाहिलं नाही, त्यांना हे देणाऱ्याची किंमत तुम्ही चार विजेतेपदांच्या तराजूत करणार? त्या उन्हाळ्यात किंग्जनी त्याच्याशी केलेला पाच वर्षांचा, जवळजवळ २१.७ कोटी डॉलरचा करार जास्त होता का, यावर बोलू. पण तो आकडाही त्यानं स्वतः लिहिलेला नाही.

आता २०२५, कारण खरा आनंद तुम्हाला तिथे होतो. आमच्याकडे डिसेंबर २०२४ला कोच माइक ब्राउनला काढलं, फेब्रुवारीत फॉक्स सॅन अँटोनिओला गेला, एप्रिलमध्ये प्ले-इनला, म्हणजे प्लेऑफच्या पात्रता सामन्यात, डॅलसनं घरात येऊन हरवलं. आणि त्याच एप्रिलमध्ये ‘द अथलेटिक’नं खेळाडूंना नाव न छापण्याच्या अटीवर विचारलं, लीगमधला सगळ्यात ओव्हररेटेड कोण? पहिला आला हॅलिबर्टन. आमचा, म्हणजे आम्ही दिलेला. त्याला मतं पडली १४.४ टक्के. उरलेल्या ८५ टक्क्यांना तो सुचलासुद्धा नाही, पण मथळा त्याच्या नावाचा झाला. सात जणांतल्या एकानं बोट दाखवलं की माणूस ‘सर्वाधिक ओव्हररेटेड’ होतो, एवढ्या तकलादू शब्दावर आपण बारशात भांडतो.

पुढचं तुम्ही मला सामन्यागणिक पाठवलंत. मिलवॉकीविरुद्ध शेवटच्या दीड सेकंदात बास्केट. क्लीव्हलंडविरुद्ध तसंच. न्यूयॉर्कमध्ये वेळ संपता संपता रिंगवरून उंच उडून आत पडलेला तो शॉट. फायनलच्या पहिल्या सामन्यात ०.३ सेकंद बाकी असताना विजयी बास्केट. अख्ख्या सामन्यात इंडियाना पुढे होती ती तेवढीच. मग सातव्या सामन्यात त्याचा टाचेवरचा अकिलीस स्नायूबंध फाटला आणि ओक्लाहोमा जिंकलं. त्या रात्री मला एकाचाही मेसेज आला नाही, त्याबद्दल तुमचे आभार.

‘मग ट्रेड, म्हणजे ती अदलाबदल, फसला ना?’ असं पुण्याचे काकासुद्धा विचारतात. त्यांना बास्केटबॉलमधलं एवढंच ठाऊक आहे की किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईचे, ‘म्हणजे आपलेच.’ ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले, तेव्हा काका नातवाला घेऊन गेले होते. दोन्ही सामने पेसर्स जिंकले. सबोनिस तेव्हा पेसर्सचा. काका म्हणतात, ‘तेव्हाच घ्यायचा होता, स्वस्तात.’ त्यांना उत्तर देणं सोपं जातं. आंबेमोहोराचा भाव विचारल्यासारखा त्यांचा प्रश्न असतो, त्यात खुन्नस नसते.

तुम्हाला उत्तर देणं अवघड, कारण तुम्हाला एकच नाव हवंय. हॅलिबर्टन सॅक्रामेंटोत राहिला असता तर तो हाच हॅलिबर्टन झाला असता? चेंडू फॉक्सच्या हातात, कोच दर दोन वर्षांनी नवा, बचाव नावापुरता. मला वाटतं नाही. रात्री कधी कधी वाटतं, हो, झाला असता, आणि मग मी फेब्रुवारी २०२२चा तो मेसेज पुन्हा वाचतो आणि स्वतःच्याच बाजूनं होतो. सकाळी ऑफिसला जाताना किंग्जच्या मैदानावरून, गोल्डन वन सेंटरवरून, जावं लागलं तर बाजू पुन्हा बदलते. ही धरसोड आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

पण लूनीच्या त्या दहा रिबाउंडबद्दल मात्र मी हटणार नाही. करीला रोखायला सबोनिसला वर यावं लागत होतं, आणि तो वर आला की रिंगखाली लूनीसमोर आमचा कोणीतरी बुटका गार्ड उरायचा. दहापैकी किती वेळा असं झालं, ते एक-एक पझेशन थांबवून मोजू. सामना माझ्याकडे पूर्ण रेकॉर्ड आहे. येत्या शनिवारी या, पावभाजी ठेवतो, आणि ज्याला लूनीची बाजू घ्यायची आहे त्यानं कागद-पेन आपलं आपण आणावं.