एका बहिऱ्या कानाची गोष्ट

आषाढी एकादशीला बडोद्याच्या मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून निघणारा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, पाहायला मी लहानपणापासून जात आले आहे, आणि देव पुढे गेले तरी माझी नजर मागून चालणाऱ्या माणसांवरच रेंगाळते. कुणी ठेवणीतली नऊवारी सांभाळत असते, तर कुणाची आरतीच्या ताटापाशी शेजारणीच्या आधी पोहोचण्याची धडपड चाललेली असते. पुढे बडोद्यातच इंग्रजी शिकवू लागले आणि इंग्रज कवी जेफ्री चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये हीच नजर मला पुन्हा भेटली. १३८७ च्या सुमारास त्याने लिहायला घेतलेल्या या काव्यात लंडनलगतच्या सदर्कमधील टॅबार्ड नावाच्या खानावळीत यात्रेकरू जमतात आणि कँटरबरी या तीर्थक्षेत्राच्या वाटेवर एकमेकांना गोष्टी सांगतात.

प्रत्येकाचा हुद्दा, स्वभाव आणि पेहराव सांगतो, असे चॉसर आरंभी म्हणतो खरा, पण सांगताना तो क्रम पाळत नाही. गर्दीत डोळा जसा फिरतो, तसे त्याचे तपशील येतात. आचाऱ्याच्या हातचे पदार्थ वाखाणता वाखाणता त्याच्या नडगीवरच्या चिघळलेल्या जखमेची हळहळ मध्येच येते, आणि लगेच पुढे, दुधातल्या कोंबडीचा एक पदार्थ तो फार उत्तम करी, असे वाक्य येते. जखम आणि जेवण यांचा संबंध चॉसर जोडत नाही. वाचणाऱ्याच्या पोटात मात्र ढवळतेच.

त्याची खरी करामत मला मठाध्यक्षा मादाम एग्लन्टाइनच्या वर्णनात दिसते. तिच्या तोंडून घास सांडत नाही, रश्शात बोटे खोल बुडत नाहीत, आणि पेल्यावर तेलकट डाग राहू नये म्हणून ती वरचा ओठ किती निगुतीने पुसते, हे तो मन लावून सांगतो. तिची फ्रेंच सफाईदार आहे, पण ती लंडनजवळच्या स्ट्रॅटफर्डची, कारण पॅरिसची फ्रेंच तिला ठाऊक नव्हती. मग ‘आता तिच्या अंतःकरणाविषयी’ असे म्हणून तो थांबतो, आणि आपण दयाधर्माची अपेक्षा धरतो. येतो तो सापळ्यात अडकलेला उंदीर, ज्याला पाहून तिला रडू फुटते. येतात तिची लाडकी कुत्री, ज्यांना ती भाजलेले मांस, दूध आणि उंची पांढरा पाव भरवते. गोरगरिबांचा उल्लेखच येत नाही. कवी तिला एका शब्दानेही दोष देत नाही, उलट तिच्या कौतुकात सामील होतो, आणि म्हणूनच ती आपल्या डोळ्यांपुढे इतकी स्वच्छ उभी राहते. तिच्याविषयी मला राग कधीच येत नाही, थोडी मायाच वाटते.

माणसांची ही पारख केवळ पुस्तकांतून येत नसते. चॉसर लंडनच्या दारू-व्यापाऱ्याचा मुलगा. १३७४ पासून त्याने तिथल्या बंदरात लोकर आणि कातड्यांच्या जकातीचा हिशेब तपासण्याचे काम केले, आणि त्या वह्या स्वतःच्या हाताने लिहिण्याची अट त्याच्यावर होती. व्यापारी काय बोलतात आणि काय झाकतात, हे त्याने रोज ऐकले असणार. त्याच्या काव्यातला व्यापारीही सतत नफ्याच्या गोष्टी करतो, आणि तो कर्जात आहे, हे कुणाला कळू देत नाही.

पण वर्षानुवर्षे वर्गात शिकवूनही ज्या ओळीपाशी मी दर वेळी थांबते, ती याच यात्रेतल्या, बाथ गावच्या ॲलिसनची आहे. पाच नवरे केलेली, लाल मोजे घालणारी, दातांत फट असलेली ही बाई. चर्चमध्ये दान वाहायला दुसरी कुणी आपल्या आधी गेली, तर तिचा संताप अनावर होतो. तिची ओळख करून देताना चॉसर दुसऱ्याच ओळीत म्हणतो की ती थोडी बहिरी होती, ही वाईट गोष्ट. पण बहिरेपणाचे कारण तो सांगत नाही. ते पुष्कळ पुढे, तिने स्वतःची हकिकत सांगायला घेतल्यावर, तिच्याच तोंडून कळते. पाचवा नवरा जँकिन रोज रात्री दुष्ट बायकांच्या कथांचे पुस्तक मोठ्याने वाची. एका रात्री तिने त्यातली तीन पाने फाडली आणि त्याच्या गालावर असा तडाखा दिला की तो मागे चुलाण्यात पडला. उठून त्याने तिच्या डोक्यात ठोसा हाणला, आणि ती मेल्यासारखी जमिनीवर पडली. घाबरून तो पळणार, तोच ती शुद्धीवर येऊन म्हणाली की मरण्याआधी मला तुझा मुका घेऊ दे. तो जवळ येऊन गुडघे टेकून बसला, आणि तिने पुन्हा त्याच्या गालावर लगावली.