व्यसनावरचे औषध आणि राज्यांचे नियम

अमेरिकेत ओपिऑइडच्या, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या, व्यसनावर गुणकारी औषधे आहेत, याबद्दल आता वाद उरलेला नाही. मेथाडोन कित्येक दशकांपासून वापरात आहे, ब्युप्रेनॉर्फिनला या उपचारासाठी २००२ मध्ये मान्यता मिळाली, आणि या दोन्हींमुळे रुग्णाच्या मृत्यूचा धोका बराच घटतो. तरीही २०२१ ते २०२३ या तिन्ही वर्षांत तेथे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने दरवर्षी एक लाखाहून अधिक माणसे दगावली आणि त्यांतील बहुतेक मृत्यूंना फेंटानिलसारखी ओपिऑइडे कारणीभूत होती. औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये जे अडथळे आहेत, त्यांतले बरेचसे दूर करणे राज्य सरकारांच्याच हातात आहे, असे माझे मत आहे.

२०२२ सालाच्या अखेरपर्यंत ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी डॉक्टरांना केंद्र सरकारकडून वेगळी परवानगी घ्यावी लागे. ती अट रद्द झाल्यावर औषध लिहून देणाऱ्यांची संख्या वाढली, पण ते घेणाऱ्या रुग्णांची संख्या त्या मानाने फारशी हलली नाही. मला याचे नवल वाटत नाही. चिठ्ठी मिळाली तरी औषधांच्या दुकानात माल नसतो, आणि असलाच तर विमा योजना पैसे देण्याआधी स्वतःची पूर्वमंजुरी मागते.

ही पूर्वमंजुरी कागदावर निरुपद्रवी दिसते. ब्युप्रेनॉर्फिन सुरू करण्यासाठी रुग्णाला आधी काही तास नशेवाचून काढावे लागतात; अंग मोडून येते, घाम फुटतो, उलट्या होतात, आणि अशा अवस्थेत तो औषधांच्या दुकानाच्या खिडकीशी उभा असताना त्याला सांगितले जाते की मंजुरी यायला दोन दिवस लागतील. जिभेखाली ठेवायची ती छोटीशी पट्टी दुकानात तयार असते. तो मात्र रस्त्यावर परततो, कारण तिथे मंजुरी लागत नाही. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतील ही अट काढून टाकणे राज्याच्या अखत्यारीत आहे, आणि अनेक राज्यांनी ती काढली किंवा सैल केली, हे त्यांच्या श्रेयाचेच म्हणावे लागेल.

मेथाडोनची गोष्ट वेगळी, कारण ते फक्त विशेष केंद्रांतूनच मिळते. पुष्कळ रुग्णांना भल्या पहाटे रांगेत उभे राहून परिचारिकेसमोर ते प्यावे लागते आणि गिळल्याची खात्री पटावी म्हणून दोन शब्द बोलूनही दाखवावे लागतात. स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचे औषध घरी देण्याची मुभा केंद्राने २०२४ मध्ये कायम केली, पण राज्याचा नियम अधिक कडक असेल तर तिचा काही उपयोग होत नाही. वेस्ट व्हर्जिनियाने तर २००७ मध्ये नव्या मेथाडोन केंद्रांवर बंदीच घातली आणि तिथले अतिमात्रेच्या मृत्यूंचे प्रमाण देशात सर्वाधिक झाले, तेव्हाही ती उठवली नाही.

याउलट व्हरमाँटने गेल्या दशकात जी रचना उभारली, ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. गुंतागुंतीचे रुग्ण मोठ्या केंद्रांत जातात, स्थिरावले की गावातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे येतात, आणि अडचण आली तर पुन्हा केंद्राकडे वळतात. त्यातली खरी मेख अशी की, डॉक्टरांकडील मेडिकेडच्या दर १०० रुग्णांमागे एक परिचारिका आणि एक समुपदेशक यांचा खर्च योजनेतूनच दिला जातो. एकट्या डॉक्टरला फोन, तपासण्या, चुकलेल्या भेटी हे सारे सांभाळणे झेपत नाही, हे तिथे कुणीतरी ओळखले.

ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये तुरुंगातच मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन ही उपचाराची तिन्ही औषधे द्यायला सुरुवात केली. कैदेत शरीराची अमली पदार्थ सोसण्याची सवय ओसरते आणि सुटल्यावर जुनीच मात्रा जीव घेते. म्हणून सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे सर्वाधिक घातक असतात. तेथे अतिमात्रेने मरण पावलेल्यांपैकी नुकतेच तुरुंगातून सुटलेले लोक २०१६ च्या पहिल्या सहामाहीत २६ होते, पुढच्या वर्षीच्या त्याच काळात ९.

ओपिऑइडच्या प्रसारावरून झालेल्या दाव्यांत औषध कंपन्या, वितरक आणि औषध दुकानांच्या साखळ्या यांच्याशी झालेल्या तडजोडींतून राज्यांना आणि स्थानिक प्रशासनांना वर्षानुवर्षांच्या हप्त्यांनी ५० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळणार आहे. तंबाखू कंपन्यांशी १९९८ मध्ये झालेल्या अशाच तडजोडीतला बराच पैसा राज्यांनी अर्थसंकल्पातील खड्डे बुजवण्यात घालवला होता. परिचारिकेचा पगार किंवा तुरुंगातला औषधसाठा यांचे उद्घाटन करून फीत कापता येत नाही, त्यामुळे या वेळीही असे खर्च यादीत तळाला जाण्याची भीती मला वाटते.