मोझेलच्या उतारावर

मला वाइन कळत नाही, हे आधीच सांगते. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यात गेले ती बहिणीच्या हट्टापायी. कोखेममधले दोन दिवस किल्ला, बोट आणि सेल्फीवाल्यांची गर्दी यांत संपले. पुन्हा जाणार नाही.

तिसऱ्या दिवशी ब्रेम. इथे नदी घोड्याच्या नालासारखी वळते आणि गावाच्या डोक्यावर कालमोंटचा डोंगर उभा ठाकलेला. उतार जागोजागी ६५ अंशांपर्यंत. युरोपातल्या सर्वांत चढ्या द्राक्षमळ्यांत त्याची गणती होते. बहीण ज्याला 'पायवाट' म्हणत होती, तिच्यात लोखंडी शिड्या निघाल्या. अर्ध्यावर मी चक्क बसकण मारली. खालचा पाटीचा दगड ऑक्टोबरातही हाताला ऊबदार लागला. सगळी गंमत त्यातच आहे म्हणे. दगड दिवसा ऊन साठवतो, रात्री वेलींना ऊब देतो, म्हणून रीसलिंगसारखी उशिरा पिकणारी जात इतक्या उत्तरेला पिकते. मंडप वगैरे नाही. प्रत्येक वेलीला स्वतःची काठी आणि फांद्या बदामाच्या आकारात वाकवून बांधलेल्या.

ट्रॅक्टर इथे चढूच शकत नाही. घड हातानं खुडायचे आणि एका रुळावरून सरकणाऱ्या छोट्या गाडीतून खाली न्यायचे. खुडणाऱ्या एका आजोबांनी माझी दशा पाहून एक घड पुढे केला. केवढ्या अपेक्षेनं मी मणी तोंडात टाकला! बारका, बियांचा, आधी गोड आणि मागाहून दात आंबवणारा. माझं तोंड बघून आजोबा पोट धरून हसले. बिया थुंकायची लाज वाटली, म्हणून गिळल्या. मग मात्र अख्खा घड संपवला.

उतरताना गुडघे बोलायला लागले. त्यात रविवार, बेकरीसुद्धा बंद. शेवटी एका द्राक्षवाल्याच्या अंगणात फेडरवायसर मिळाली: अर्धवट आंबलेला, गढूळ, फसफसता रस, सोबत कांद्याचा खारा केक. वाइन न कळणारी मी दोन ग्लास प्यायले, वर एक बाटली घेतली. ती उभीच ठेवायची, असं तिथल्या बाईंनी दोनदा खुणेनं बजावलं होतं. आत आंबणं चालूच असतं, म्हणून झाकण मुद्दाम सैल ठेवतात, हे मला कोब्लेन्झच्या गाडीत कळलं. तोवर माझे मोजे, बहिणीचा पासपोर्ट आणि शेजारच्या गृहस्थांचं वर्तमानपत्र भिजून चिंब झालं होतं.