तुम्ही विचारलंत म्हणून: मोठी धरणे हवीत की नकोत?

मोठ्या धरणांच्या बाजूचे आहात की विरोधातले, असे मला वारंवार विचारले जाते. त्यावर मी उलट विचारतो, की धरण नेमके कशासाठी, आणि गाळाचे काय?

पहिला प्रश्न अशासाठी, की एकाच जलाशयाकडून परस्परविरोधी कामांची अपेक्षा धरली जाते. सिंचनासाठी आणि विजेसाठी तो भरलेला हवा, पूर थोपवण्यासाठी मात्र त्यात मोकळी जागा हवी. पाणी हातचे जाऊ नये म्हणून तो लवकर भरून घेतला आणि मागाहून अतिवृष्टी झाली, तर दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

तरीही लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नाईल नदीवरील आस्वानचे उंच धरण १९७० मध्ये पूर्ण झाले आणि १९८०च्या दशकातील अवर्षणात इजिप्तची शेती त्यातील साठ्यावर तरली. पण त्याच धरणाने गाळही अडवला. त्रिभुज प्रदेशात पडणारी भर थांबली आणि किनाऱ्याची धूप वाढली.

गाळाबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे, तो म्हणजे गाळ भिंतीशी, मृतसाठ्यातच (दारांच्या पातळीखालच्या, वापरता न येणाऱ्या साठ्यातच) बसतो हा. प्रत्यक्षात नदी जलाशयात शिरते तेथेच तिचा वेग मंदावतो, जाड वाळू आणि गोटे फुगवट्याच्या वरच्या टोकाला पडतात आणि बारीक गाळ तेवढा पुढे सरकतो. म्हणजे घट उपयुक्त साठ्यातही होते. खाली सोडलेले गाळविरहित पाणी नदीचे पात्र खरवडत जाते. चीनमधील ह्वांग हो नदीवरच्या सानमेनशिया धरणात १९६० मध्ये पाणी अडवल्यावर इतक्या झपाट्याने गाळ साचला, की पुढे बोगदे खोदावे लागले आणि बुजवलेली तळाची द्वारे पुन्हा उघडावी लागली.

माशांच्या अडलेल्या वाटा, खोल थरातून सोडलेले थंड पाणी, बुडालेली झाडे कुजून निघणारा मिथेन, हे परिणाम आता बहुतेकांना ठाऊक आहेत. फुटण्याची भीती मात्र लोक अवास्तव समजतात. चीनमधील बानच्याव धरण ऑगस्ट १९७५ मध्ये फुटले आणि हजारो माणसे दगावली. इटलीतील वायोंत येथे तर १९६३ मध्ये भिंत शाबूत राहिली. डोंगरकडा जलाशयात कोसळला, लाट भिंतीवरून गेली आणि सुमारे दोन हजार लोक मेले. भिंतीइतकीच जलाशयाच्या काठांची तपासणी व्हावी, असे मी म्हणतो ते यामुळे.

विस्थापितांचा हिशेब सर्वांत लाजिरवाणा आहे. जागतिक धरण आयोगाच्या २००० सालच्या अहवालानुसार धरणांमुळे चार ते आठ कोटी माणसे उठवली गेली. पुनर्वसन पूर्ण झाल्याशिवाय घळभरणी, म्हणजे भिंतीत नदीसाठी ठेवलेली वाट बुजवून पाणी अडवणे, होऊ नये, याबाबतीत मी तडजोड करणार नाही.

आणि धरण निकामी झाल्यावर ते पाडायचे कोणी? अमेरिकेतील एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली आणि सामन मासे वरच्या पात्रात परतले. नव्या धरणाच्या अंदाजपत्रकात या खर्चाची तरतूद मला क्वचितच दिसते.