ओळ उचलण्याआधीचा श्वास

सिनेमाच्या सेटवर आवाज रेकॉर्ड करणं हे माझं काम. त्या दिवशी एका पॉप गायिकेचा अभिनयातला पहिलाच दिवस होता. चार ओळींचा संवाद: आईचं घर विकायचं नाही, असं ती भावाला सांगते.

सहा टेक झाले. पाठांतर चोख, उच्चार स्वच्छ, तरी बोलणं खरं वाटेना. युनिटमध्ये कुजबुज सुरू झाली, "नावासाठी घेतात या लोकांना." मला ते अजिबात पटत नाही. अमेरिकन पॉप गायिका शेरला 1987 च्या 'मूनस्ट्रक'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, ते काय नावावर? आणि लेडी गागाने 2018 च्या 'अ स्टार इज बॉर्न'मधली गाणी कॅमेऱ्यासमोर थेट गायली, आधी रेकॉर्ड करून नुसते ओठ हलवले नाहीत. आवाजाचं काम करणाऱ्याला त्यातली जोखीम कळते.

सातव्या टेकला मी डोळे मिटून फक्त ऐकलं. कॉलरखाली लपवलेल्या लेपल माइकमधून प्रत्येक वाक्याआधी एक खोल श्वास येत होता. गाण्याची ओळ उचलण्याआधी घेतात तसा, पोटापर्यंत भरलेला. भावाचं बोलणं संपायच्या आत ती श्वास भरून तयार! म्हणजे त्याचं तिच्या कानावर पडतच नव्हतं. शिवाय सातही वेळा शेवटचा 'नाही' त्याच सुरावर उतरला होता. स्टेजवर हाच श्वास तिला तारत आला असणार. पण दुखावलेलं माणूस छाती भरून घेऊन बोलत नाही, उरलेल्या दमात बोलून टाकतं.

कलाकाराला परस्पर सूचना द्यायच्या नसतात, म्हणून दिग्दर्शकाच्या कानावर घातलं. त्याने तिला माझे हेडफोन लावून तो टेक ऐकायला दिला. दुसऱ्याच वाक्याला ती म्हणाली, "अहो, मी तर बीटची वाट बघतेय!" आम्हाला काही समजावून सांगावंच लागलं नाही. इतका तयार कान मी मुरलेल्या नटांमध्येही क्वचित पाहिलाय.

नवव्या टेकला तो श्वास आला नाही. भाऊ बोलत असताना तिने गिळलेला आवंढा मात्र स्पष्ट ऐकू आला. मग ती बोलली, आणि दम न पुरल्यामुळे 'नाही' अर्धाच उमटला. मीटर जेमतेम हलला.

दिग्दर्शक माझ्याकडे वळला. "शेवटचा शब्द दबलाय. डबिंगला पुन्हा घ्यायचा का?"

"हात लावू नका," मी म्हटलं.