घरचा सांबा सर्व्हर: वेग आला, नावं अडली

जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स आणि सांबा (नेटवर्कवरून विंडोज-मॅकला फाइली देणारा प्रोग्रॅम) चढवून झालं, शेअर म्हणजे सगळ्यांसाठीचा फोल्डर दिसायलाही लागला. पुढच्या टप्प्यासाठी दोन कामं ठेवली होती. एक म्हणजे वेग वाढवणं, आणि दुसरं, बाबांनी डिजिटाइज केलेल्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी एका जागी आणणं. पहिलं एका संध्याकाळीत उरकलं. दुसऱ्यानं घाम काढला, आणि त्यात ना डिस्कचा दोष होता, ना नेटवर्कचा. सगळा गोंधळ देवनागरी फाइलनावांचा.

आधी वेगाचं सांगतो. कॉपी सेकंदाला 11 एमबीच्या वर सरकत नव्हती. हा आकडा दिसला की सांबाची सेटिंग्ज चाळत बसू नका. तो सरळसरळ 100 एमबीपीएसच्या लिंकचा आकडा आहे. लिंकचा वेग दाखवणाऱ्या ईथटूलनं तेच सांगितलं. स्विच गिगाबिट, दोन्हीकडची कार्डं गिगाबिट, मग उरली केबल. इंटरनेट घेतलं तेव्हा टाकलेली. जॅक उजेडात धरला तर पारदर्शक प्लास्टिकमधून केशरी आणि हिरव्या जोडीच्या तारा पिनांपर्यंत गेलेल्या दिसल्या. निळी आणि तपकिरी जोडी मात्र मागेच छाटलेली. 100 ला 1, 2, 3 आणि 6 या चार पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. चारच तारा क्रिंप करून (जॅकमध्ये दाबून बसवून) मोकळं व्हायची पद्धत आपल्याकडे इतकी रुळलीय की जुनी केबल असेल तर आधी जॅकच तपासा. दोन्ही टोकं कापून आठही तारा नव्यानं क्रिंप केल्या: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आता मोठी फाइल 110 च्या आसपास जाते.

बाबांच्या विंडोज 11 प्रोवर 24एच2 हे अपडेट आल्यापासून बिनपासवर्डचा गेस्ट शेअर उघडत नव्हता. नवीन विंडोजनं तो मुद्दामच बंद केलाय, आणि बरंच केलं. सांबाचं एसएमबीपासवर्ड हे साधन वापरून प्रत्येकाचं वेगळं खातं काढलं, सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घातलं आणि फोल्डरला 2775 परवानगी दिली, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक फाइलला तोच ग्रुप लागतो. सर्व्हर विंडोजच्या ‘नेटवर्क’मध्ये आपोआप दिसावा म्हणून डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्रॅम टाकला. एवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

आता खरी गंमत. ताईच्या जुन्या मॅकवर याच कॅसेटींची एक प्रत होती. ती आरसिंक या कॉपी करायच्या साधनानं थेट सर्व्हरवर ओढली, आणि एकाच जागी ‘दुसऱ्या अंकातली पदं’ नावाचे दोन फोल्डर. नावात काडीचा फरक दिसत नाही, स्पेसही जास्तीची नाही. मग नावं एक्सएक्सडी या बाइट दाखवणाऱ्या साधनातून काढली. एकात ऱ हे अख्खं अक्षर आहे: ई0 ए4 बी1. दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली सुटा नुक्ता (अक्षराखालचं टिंब), म्हणजे ई0 ए4 बी0 आणि पुढे ई0 ए4 बीसी. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क नावं अशी सुटी करूनच साठवते. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकाच्या लेखी दोन्ही एकच, पण सर्व्हरच्या डिस्कवरची ईएक्सटी4 ही फाइल पद्धत नुसते बाइट बघते, तिला अक्षराशी देणंघेणं नाही.

यावर कॉन्व्हएमव्ही हे फाइलनावं बदलणारं साधन आहे. दोन्ही बाजूंना यूटीएफ-8 द्यायचं आणि सुटे भाग जोडून एक अक्षर करणारा एनएफसीचा पर्याय लावायचा. आधी तो नुसतं काय करणार ते दाखवतो, खरंच बदल करायला नोटेस्ट हा पर्याय द्यावा लागतो. त्या नावाचा फोल्डर आधीच असेल तर मात्र आतल्या फाइली हातानं हलवाव्या लागतात. पुढे मॅकवरून आणायचं असेल तर आरसिंकच्या आयकॉन्व्ह पर्यायानं वाटेतच नावं सुधारता येतात, तो 3.0 पासून आहे.

हे झाल्यावरही बाबांच्या जुन्या पेनड्राइव्हमधून तिसरा ‘दुसऱ्या’ निघाला! तो र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षर अर्धं ठेवणारं अदृश्य चिन्ह) असा टाइप केलेला. फाँट तीच ऱ्य काढून दाखवतो, पण युनिकोड या दोघांना समान मानत नाही, त्यामुळे कॉन्व्हएमव्ही त्याला शिवतसुद्धा नाही. चार ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहून र-हलन्त-झेडडब्ल्यूजेच्या जागी ऱ-हलन्त घातलं. सगळे झेडडब्ल्यूजे सरसकट उडवू नका, मुद्दाम अर्धं लिहिलेलं अक्षर त्यात जोडलं जाईल. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘गाणाऱ्या’ अशी नावं असलेला संग्रह ज्यांच्याकडे आहे, त्यांनी शोधून बघाच, तुमच्याकडेही जुळी भावंडं निघतील.

उरला लांबीचा घोळ. बाबा फाइलच्या नावातच नाटक, अंक, पदाची पहिली ओळ, राग, गाव आणि कॅसेटची बाजू लिहितात. विंडोजवर ते चालतं, कारण विंडोजची फाइल पद्धत एनटीएफएस 255 यूटीएफ-16 एककं मोजते, आणि देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक. ईएक्सटी4 255 बाइट मोजते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. मात्रा आणि हलन्तही वेगळी चिन्हं धरली जातात. ‘स्त्री’ डोळ्याला एक अक्षर, पण आत सहा चिन्हं, म्हणजे 18 बाइट. त्यामुळे पंच्याऐंशी चिन्हांच्या पुढे गेलेलं नाव सर्व्हरवर चढतच नाही. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टीसीपीडम्प लावल्यावर नाव सर्व्हरपर्यंत पूर्ण पोचलेलं दिसलं, नकार डिस्कचा होता. (पॅकेट बघत बसायचा हा उद्योग सांबाच्या जन्मापासूनचा. अँड्रयू ट्रिजेलनं कॅनबेरात पीएचडी करताना 1991-92 च्या सुमारास असाच तारेवरचा संवाद ऐकून पहिला सर्व्हर लिहिला.) बाबांशी तह असा झाला की फाइलनावात पद आणि राग, बाकी सगळं टॅगमध्ये (फाइलच्या आतल्या माहितीत). गावाचं नाव काढायला ते अजून तयार नाहीत.

हॉलमधला जुना मीडिया बॉक्स अजून या सगळ्याच्या बाहेरच आहे. त्याला फक्त एसएमबी 1, म्हणजे फाइल शेअर करायच्या भाषेची जुनी आवृत्ती येते. सांबानं ते 4.11 पासून मुळातच बंद ठेवलंय, आणि 2017 मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरस विंडोजमधल्या त्याच्याच भोकातून पसरलं होतं, तेव्हा एका बॉक्ससाठी ते चालू करणार नाही. त्याऐवजी मिनीडीएलएनए हा गाणी-व्हिडिओ पुरवणारा सर्व्हर टाकून बघितला. गाणी वाजतात, पण बॉक्समध्ये देवनागरी फाँट नसल्यानं नावांच्या जागी चौकोन येतात. फर्मवेअरला हात न लावता अशा बॉक्समध्ये कुणी फाँट घातला असेल तर कसा घातला ते सांगा.