क्लाउडची मुळाक्षरं: डिस्क सोडवून बघितली, क्रेडिट मोजून बघितले

मागच्या नोंदीपर्यंत सगळा कारभार घरच्या जुन्या डेस्कटॉपवर चालला होता. लिनक्स, त्यावर केव्हीएम (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारी लिनक्सची सोय) आणि केव्हीएमवर दोन-तीन व्हर्च्युअल मशिन. व्हर्च्युअलायझेशन त्यावर छान हाताला बसतं आणि नव्याने या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला मी अजूनही तिथूनच सुरुवात करायला सांगेन. पण तो क्लाउड नव्हे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या छापली, तिच्यात पाच लक्षणं आहेत: कुणाला न विचारता स्वतःच साधनं घेता येणं, नेटवर्कवरून ती वापरता येणं, एकाच साठ्यातून अनेक ग्राहकांना वाटप होणं, गरजेप्रमाणे चटकन वाढवता-घटवता येणं आणि वापर मोजला जाणं. पहिली दोन घरी जमतात. वाटपाला मात्र घरात दुसरा वाटेकरीच नाही, आणि रॅम भरली की विषय संपला.

म्हणून या टप्प्यात एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनवर, म्हणजे त्यांच्या तिथल्या डेटा सेंटरांच्या गटावर गेलो. हे रीजन २०१६ साली सुरू झालं आणि त्यात तीन अव्हेलेबिलिटी झोन (एकमेकांपासून वेगळी ठेवलेली डेटा सेंटरं) आहेत. (पुण्यात राहून मुंबई का, असं कुणी विचारेल. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर या क्लाउडचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, आणि त्याचा नंबर पुढे लागणारच आहे.) रीजन निवडताना फक्त दर बघू नका, अंतर बघा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते व्हर्जिनिया सरळ रेषेत जवळपास १३ हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच गेले. केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) त्याहून बराच जास्त येतो. कितीही मोठं मशिन घेतलं तरी हा वेळ वाचत नाही.

आता खरा मुद्दा, ज्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. घरच्या मशिनमध्ये डिस्क, प्रोसेसर आणि पत्ता एकाच डब्यात असतात. क्लाउडमध्ये या तीन गोष्टी वेगवेगळ्या विकत घेता येतात आणि वेगवेगळ्या मरतात. हे वाचून पटत होतं, पण करून बघायचं होतं. इसीटूवर (एडब्ल्यूएसची भाड्याने मशिन देणारी सेवा) एक छोटं मशिन उभं केलं, त्याला ईबीएसची (भाड्याने डिस्क देणारी सेवा) वेगळी ८ जीबीची डिस्क जोडली, तिच्यावर गच्चीवरच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी टाकल्या. मग फाइलसिस्टिम अनमाउंट केली, डिस्क सोडवली आणि मशिन कायमचं काढून टाकलं. डिस्क यादीत तशीच, ‘अव्हेलेबल’ असं लिहिलेली. त्याच झोनमध्ये नवं मशिन उभं करून ती त्याला जोडली, माउंट केली, नोंदी जशाच्या तशा. जोडताना आपण एसडीएफ असं नाव देतो, पण नायट्रोवर (एडब्ल्यूएसच्या नव्या हार्डवेअरवर) चालणाऱ्या मशिनमध्ये आत ती एनव्हीएमईने सुरू होणाऱ्या वेगळ्याच नावाने दिसते. त्यामुळे नावावर विसंबू नका, एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी लिनक्सची फाइल) यूयूआयडीच, म्हणजे फाइलसिस्टिमचा न बदलणारा ओळख क्रमांकच लिहा.

हीच डिस्क दुसऱ्या झोनमधल्या मशिनला जोडायला गेलं तर जमत नाही. कारण सरळ आहे: ईबीएसची डिस्क एकाच झोनमध्ये असते आणि तिच्या प्रती त्याच झोनमध्ये ठेवलेल्या असतात. बाहेर काढायचा रस्ता म्हणजे स्नॅपशॉट, डिस्कची त्या क्षणाची जतन केलेली प्रत. स्नॅपशॉट अख्ख्या रीजनचा असतो, त्यावरून हव्या त्या झोनमध्ये नवी डिस्क बनवता येते. ‘अ’ झोनमधल्या नोंदी ‘ब’ झोनमध्ये उघडल्या, तेव्हा रीजन आणि झोन यांतला फरक डोक्यात पक्का बसला. एक लक्षात ठेवा: स्नॅपशॉटवरून बनवलेली डिस्क लगेच वापरता येते, पण प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना तो मागून आणला जातो, म्हणून सुरुवातीला ती सुस्त वाटते.

दुसरा प्रयोग मोजमापाचा. टी३.मायक्रो हा इसीटूवरच्या मशिनचा एक छोटा प्रकार: २ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि १ जीबी रॅम. ते दोन्ही व्हीसीपीयू पूर्ण वेळ तुमचे नसतात. मशिन तासाला १२ क्रेडिट कमावतं, आणि एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू एक मिनिट पूर्ण ताकदीने. हिशेब मांडला की दर व्हीसीपीयूला १० टक्केच हक्काचे निघतात. बाकी शिल्लक साठवायची, जास्तीत जास्त २८८, म्हणजे एका दिवसाची कमाई. हे अगदी पाण्याच्या टाकीसारखं आहे: नळ बारीक, पण टाकी भरलेली असली की बादली झटकन भरते. लिनक्सचं कर्नल कंपाइल करण्यासारखं जड काम लावून क्लाउडवॉचमध्ये (वापराचे आलेख दाखवणारी एडब्ल्यूएसची सेवा) शिल्लक उतरताना बघा. वाटपाचं अर्थकारण यात उघड दिसतं. बहुतेक मशिन बहुतेक वेळ रिकामी बसलेली असतात, म्हणून तर ती इतक्या स्वस्तात मिळतात. टी३ मुळातच ‘अनलिमिटेड’ मोडमध्ये सुरू होतं, तेव्हा क्रेडिट संपले तरी वेग पडत नाही, जादा वापराचं बिल लागतं. शिकताना ‘स्टँडर्ड’ करून ठेवा, म्हणजे वेग खरोखर पडलेला दिसेल.

पत्त्याचं थोडक्यात: मशिन बंद करून चालू केलं की पब्लिक आयपी (इंटरनेटवरून दिसणारा पत्ता) बदलतो, प्रायव्हेट (आतल्या नेटवर्कचा) तोच राहतो. फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ ला तासाला ०.००५ डॉलर लागतात, वापरात असो वा नसो. बंद मशिनच्या डिस्कचंही भाडं चालूच राहतं.

पास (तयार प्लॅटफॉर्म भाड्याने) आणि सास (तयार सॉफ्टवेअर भाड्याने) यांवर मी मुद्दामच वेळ घालवलेला नाही. खालचा थर हाताळून झाल्यावर ते आपोआप उलगडतात, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या टप्प्यात दोन झोनमध्ये एकेक मशिन, समोर लोड बॅलन्सर (येणारं काम मशिनमध्ये वाटून देणारा), आणि एक मशिन चालू कामात मारून बघणं. पर्जन्यमापकाच्या नोंदी तेव्हा डिस्कवरून एसथ्रीवर (एडब्ल्यूएसची फाइली साठवायची सेवा) जातील, कारण एक साधी ईबीएस डिस्क दोन झोनमध्ये जोडता येत नाही. टेराफॉर्मच्या (क्लाउडची मांडणी फाइलीत लिहून उभी करणारं साधन) फाइली त्याच नोंदीत देतो.